हार्वेस्टरच्या पोटातलं पाणी

माझ्या सासरच्या माणसांना एखादी गोष्ट नको असली की ती ‘नको’ म्हणत नाहीत, ‘बघू’ म्हणतात. हवी असली तरी ‘बघू’च म्हणतात. लग्नाला एवढी वर्षं झाली, दोन मुलींची लग्नं लावून झाली, तरी त्यातला होकाराचा बघू कुठला आणि नकाराचा कुठला हे मला अजून ओळखता येत नाही. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मला हो तरी लागतं नाहीतर नाही तरी. मधलंच काहीतरी हातात ठेवलं की माझं डोकं फिरतं.

ते सगळ्यात जास्त फिरलं गेल्या दसऱ्यानंतर, एका जुन्या हार्वेस्टरपायी.

आम्ही डोंबिवलीत राहतो. नवऱ्याचं गाव खडवली स्टेशनपासून थोडं आत. तिथे घरची भातशेती आहे आणि ती सांभाळतात माझे मोठे दीर. त्यांना आम्ही सगळेच भाऊ म्हणतो. जाऊबाई गेल्यापासून भाऊ गावात एकटेच. त्यांचा मुलगा टिटवाळ्याला एका नव्या बिल्डिंगमध्ये राहतो, नोकरीला ठाण्याला जातो, आणि ‘बाबा, आता इकडे या’ हे त्याचं कायमचं पालुपद. भाऊ त्यावर काय म्हणत ते सांगायला नकोच.

कापणीला माणसं मिळेनाशी झाली तेव्हा हार्वेस्टरची टूम निघाली. नवरा नुकताच रिटायर झालेला, हाती रिकामा वेळ आणि अंगात नसता उत्साह. दोघा भावांनी मिळून एका व्यापाऱ्याकडून जुनं मशीन आणलं. चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणारं, लाल रंग उडून गुलाबी पडलेलं, एका पत्र्याला दोरी बांधलेली. ते समोरून भात कापायचं, पोटात झोडायचं आणि बाजूच्या नळीतून दाणे पोत्यात सोडायचं. गावातल्या जुन्या मंडळींनी आधी भरपूर नावं ठेवली. पेंढ्याची वाट लागते म्हणाले, बांध फोडावे लागतात म्हणाले. पुढच्याच वर्षी तीच मंडळी सकाळी चहाच्या आधी भाऊंच्या दारात उभी राहायला लागली. “भाऊ, आमचं कधी?” एवढंच विचारायची. आणि भाऊ गळ्याभोवती पंचा गुंडाळून, त्या उंच पायरीवर पाय टाकून मशीनवर चढायचे ते उन्हं उतरेपर्यंत.

तेव्हापासून घरात एक गोष्ट पक्की ठरून गेली, की भाऊंचा जीव त्या मशीनमध्ये आहे. मशीन आहे तोवर भाऊ गावात आहेत. मशीन गेलं की शेती पडीक, घराला कुलूप, आणि भाऊ टिटवाळ्याच्या चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून झुरणार. नवरा हे इतक्या वेळा बोलून दाखवायचा की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

दसऱ्याला आम्ही दर वर्षी गावी जातो. कोयता, विळे, नांगराचा फाळ, पाण्याची मोटर अशी सगळ्यांची पूजा असते, आणि आता मशीनचीही. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापायला आलेलं होतं. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी मशीन शेतात उतरणार, असं नेहमीचंच गणित. गेल्या दसऱ्याला नवऱ्याने मोटरला जाड पाईप लावला आणि मशीन धुवायला घेतलं. धुवायला म्हणजे कसं, तर वर्षभराचा चिखल एका सकाळीत गेला पाहिजे. खालून, वरून, आतून, बाहेरून नुसता पाण्याचा मारा. मशीनचा धुराचा पाईप सरळ आभाळाकडे तोंड करून उभा असतो. त्यात काही पडू नये म्हणून भाऊ त्यावर रंगाचा एक रिकामा डबा कायम पालथा घालून ठेवतात. नवऱ्याने तो डबा काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, “हा कसला भिकारडा दिसतोय फोटोत.” मग त्या उघड्या पाईपवरून, टाकीवरून, सगळीकडून परत एकदा पाणी मारलं आणि त्या पाईपलाच झेंडूची माळ अडकवली.

भाऊंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पट्ट्यांखाली लिंबं ठेवली. मग वर चढून चावी फिरवली. मशीनने एकदा भकाभका धूर सोडला, ते वीतभर पुढे सरकलं, आतून कोणी घण मारल्यासारखा ठण्ण आवाज आला आणि सगळं थंड. भाऊंनी परत चावी फिरवली. नुसती कटकट. एक लिंबू चिरडलं होतं, दुसरं अर्धं राहिलं होतं.

झालं. पुढचा अख्खा दिवस चर्चा कशाची, तर त्या अर्ध्या लिंबाची! शेजारचे काका म्हणाले, नजर लागली. कोणी म्हणालं, मुहूर्त टळून गेला होता. कोणी म्हणालं, नारळ नासका निघाला का ते बघा. मी एकदा म्हटलं, “अहो, पाणी गेलं असेल आत.” तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवासमोर चप्पल घालून उभी आहे. पूजेत जे होतं त्याला या घरात चूक म्हणायची पद्धत नाही. पूजेत चूक होतच नाही, फक्त योग नसतो. मी गप्प बसले, कारण तोवर मलाही कळलेलं नव्हतं की त्या पाण्याला पुढे एवढं महत्त्व येणार आहे.

कल्याणहून मिस्त्री आला. डिझेल इंजिनांचीच कामं करणारा, तोंडात सतत बडीशेप. त्याने इंजिनाभोवती दोन चकरा मारल्या, एक पाना लावून फिरवायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, “जाम आहे. पाणीबिणी गेलेलं का आत?”

“छे छे,” भाऊ म्हणाले.

“नाही नाही,” नवरा म्हणाला.

दोघंही एका सुरात. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. मिस्त्रीसमोर त्या दोघांना खोटं पाडणं मला जमेना.

“मग क्रँक धरलाय,” मिस्त्री म्हणाला. “म्हणजे पूर्ण इंजिन गेलं. एवढ्या जुन्या मशीनला नवीन इंजिन टाकून काय फायदा नाय शेट. पाणी गेलेलं असतं तर गोष्ट वेगळी. एखादा रॉड वाकतो, तो बदलला की झालं. पण हे खोलायला घेतलं आणि आत काय नाय निघालं, तर खोललेल्या मशीनला भंगारवालापण विचारत नाय. तुम्ही ठरवा, मग मला बोलवा.”

म्हणजे सगळं एका प्रश्नावर आलं. पाणी गेलं होतं असं कोणी म्हटलं तर इंजिन दुरुस्त होणार, मशीन राहणार, भाऊ राहणार. नाही म्हटलं तर मशीन भंगारात आणि भाऊ टिटवाळ्याला. आणि दोन शहाणीसुरती, केस पिकलेली माणसं ठणकावून नाही म्हणत होती.

परतताना शहाडच्या पुलावर गाडी अडकली, तेव्हा मी नवऱ्याला धरलं. म्हटलं, “अहो, तुम्ही खोटं का बोललात?”

“खोटं काय त्यात?”

“त्या पाईपावर तुम्ही स्वतः पाणी मारलंत. डबा माझ्या हातात दिलात!”

त्याने गाडी न्यूट्रलला टाकली. मग म्हणाला, “अगं, पाणी गेलं म्हटलं तर बघ. पाणी आहे की नाही न बघता चावी कोणी फिरवली? भाऊने. म्हणजे मशीन भाऊने घालवलं असं होतं. या वयात त्याला ते ऐकवायचं? त्याचा जीव आहे त्या मशीनमध्ये.”

“अहो पण त्यापायी मशीनच जाणार ना!”

“बघू,” नवरा म्हणाला, आणि हॉर्न वाजवायला लागला. पुढे सिग्नल लाल होता, हॉर्न वाजवून काहीही होणार नव्हतं.

मी ठरवलं, भाऊंशी बोलायचं. पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. नवरा गावात कोणाकडे तरी गेलेला बघून मी भाऊंना गाठलं. ते ओटीवर बसून गुडघ्याला तेल लावत होते. मी सरळ विचारलं, “भाऊ, पाणी गेलं होतं ना?”

त्यांनी दरवाजाकडे एकदा बघून घेतलं. म्हणाले, “हळू बोल. गेलं असंल. पण पाईप कोणाच्या हातात होता? त्याच्या. नवी नवी हौस हाय त्याला. पाणी गेलं म्हटलं की सगळं त्याच्या अंगावर यायचं. गावातली माणसं बोलतील, शहरातला भाऊ आला आणि मशीन बुडवून गेला. त्याला नको बोलू काय.”

आता सांगा. एकाला वाटतंय दोष दुसऱ्याचा, म्हणून तो त्याला झाकतोय. दुसऱ्याला वाटतंय दोष पहिल्याचा, म्हणून तोही झाकतोय. मध्ये ते मशीन झेंडूच्या सुकलेल्या माळेसकट गोठ्याच्या बाजूला उभं, आणि शेतात हळवं भात पिकून लवायला लागलेलं. रामलक्ष्मण म्हणून लग्नात सगळ्यांनी या दोघांचं कौतुक केलं होतं. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही की याचा त्रास मला होणार आहे.

पुतण्याला फोन केला तर तो म्हणाला, “काकी, सोड ना यार. भंगारात देऊन टाका. बाबांची रूम तयार आहे, नवीन गादीपण आणलीय. लिफ्ट आहे, खाली गार्डन आहे. अजून किती दिवस ते शेतात उन्हात मरणार?” मला त्याचा राग आला. बापाचा जीव कशात आहे हे मुलाला कळू नये, याचं वाईट वाटलं. भाऊ मधल्या दिवसांत एकदा त्याच्याकडे राहून आले होते. आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, “झोप चांगली लागते तिथं. पंखा हाय, डास नाय.” मी मनात म्हटलं, माणूस मनाची समजूत घालतोय. गावी ते आता सकाळी उशिरा उठत होते, दुपारी पडत होते, जेवत मात्र व्यवस्थित होते. नवरा म्हणाला, “धक्का बसलाय त्याला.” मीही मान हलवली.

दरम्यान गावातल्या लोकांनी दोघा भावांना काव आणला होता. ज्यांचं ज्यांचं भात उभं होतं ते सगळे रोज येऊन विचारत, काय ठरलं? ठरलं काहीच नव्हतं. कोणी म्हणे शहाडला एक लेथवाला आहे तो जादू करतो. कोणी म्हणे बाहेरून भाड्याने मशीन येतंय, पण ते आधी मोठ्या शेतांवर जाणार. भाऊ प्रत्येकाला “बघू” म्हणत. नवरा प्रत्येकाला “बघू ना” म्हणे. शेवटी मीच वैतागून म्हटलं, एक काय ते ठरवा, नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते. मला वाटलं, निदान याने तरी कोणाच्या तोंडून खरं बाहेर पडेल. तर नवरा म्हणाला, “चालेल. बोलाव.” मी हात टेकले.

भंगारवाला टेम्पो घेऊन आला तो शनिवार. मिस्त्रीलाही बोलावलं होतं, बॅटरी आणि चालू वस्तू आधी काढून ठेवायला. गावातली दहाबारा माणसं अंगणात जमली होती, एखाद्याला पोचवायला जमतात तशी. भाऊ मशीनच्या पायरीला टेकून उभे. नवरा डोळे पुसत होता आणि मला सांगत होता की भुसा गेला. भंगारवाल्याने मशीनवर हात फिरवून पत्रा वाजवून पाहिला. मिस्त्रीने बॅटरीच्या वायरला हात घातला. आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

“थांबा,” मी म्हटलं. “पाणी गेलं होतं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शाळेच्या आवाजात, मागच्या बाकापर्यंत जाईल असं सांगितलं. यांनी धुराच्या पाईपावरचा डबा काढला, माझ्या हातात दिला, पाईपावर पाणी मारलं, भाऊंनी चावी फिरवली, ठण्ण आवाज आला. दोघांनाही माहीत आहे. दोघंही एकमेकांना झाकतायत. आणि कोणाचीही चूक असली तरी मला त्याचं काही पडलेलं नाही, मला ते इंजिन उघडलेलं बघायचं आहे.

मिस्त्रीच्या तोंडातली बडीशेप चघळायची थांबली. “अहो मॅडम, हे पहिल्या दिवशी बोलायचं ना! मग क्रँकला काय झालं नसणार. रॉड वाकलाय फक्त. चारपाच दिवसांत चालू करून देतो.”

अंगणात एकदम कलकलाट झाला. भात उभं असलेली सगळी माणसं एकाच वेळी बोलायला लागली. शेजारच्या काकांनी भंगारवाल्याला चहा पिऊन जायला सांगितलं. नवरा भाऊंचा हात धरून म्हणत होता, “भाऊ, माझंच चुकलं रे, मी डबा काढला.” भाऊ म्हणत होते, “नाय रे, चावी मी फिरवली ना.” कोणी नाक पुसलं, कोणी पाठीवर थाप मारली. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. इतक्या आठवड्यांचा वैताग एका वाक्यात संपला होता आणि तो मी संपवला होता.

मी पाणी आणायला घराच्या मागे गेले. तिथे भाऊ होते. टाकीशी उभे राहून तोंडावर पाणी मारत होते. मी म्हटलं, “बघा भाऊ, उगाच इतके दिवस घालवले. आता तुम्ही परत मशीनवर.”

त्यांनी पंचाने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग म्हणाले, “कशाला बोललीस गं?”

मला वाटलं नवऱ्याच्या इज्जतीबद्दल म्हणतायत. म्हटलं, “अहो, कोणी काही बोललं नाही त्यांना.”

“त्याचं नाय,” भाऊ म्हणाले. “माझं. मला वाटलं होतं आपोआप सुटेल. इंजिन गेलं म्हटल्यावर कोण काय बोलणार? दिवाळीला मी पोराकडे असतो.”

“तुम्हाला जायचं होतं?”

“दमलो मी. त्या पायरीवर पाय ठेवला की गुडघ्यातून कळ येते ती इथवर.” त्यांनी कमरेला हात लावला. “पण सगळं गाव दारात उभं राहतंय. आणि तुझा नवरा म्हणतो, भाऊचा जीव मशीनमध्ये. कुणाला सांगू, मला नको म्हणून?”

“मला! त्यांना! कोणालाही!” माझा आवाज चढला. “अहो भाऊ, तोंड आहे ना माणसाला? दमलो एवढं तर म्हणायचं! मी आत्ता जाऊन सांगते सगळ्यांना.”

“नको,” ते म्हणाले. “खूश झालाय तो. किती वर्षांनी बघितला असा. त्याला नको सांगू. शपथ हाय तुला माझी.”

मला त्या क्षणी भाऊंचा, नवऱ्याचा, त्या अख्ख्या घराण्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांची दया येत होती आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. तरीही मी तरातरा पुढच्या अंगणात गेले. शपथ मोडायची, असं ठरवूनच गेले. मिस्त्रीने इंजिनावरचं झाकण काढायला घेतलं होतं, चारपाच जण भोवती वाकले होते. मी तोंड उघडणार एवढ्यात मागून भाऊ आले, मिस्त्रीशेजारी हळूहळू गुडघा टेकवत बसले आणि म्हणाले, “तो डावीकडचा बोल्ट झिजलाय, जोर नको लावूस. मी दाखवतो.”

मग काय बोलणार? मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

इंजिन खोललं तेव्हा खरंच एक रॉड वाकडा निघाला, बाकी सगळं धडधाकट. मिस्त्रीने तो सगळ्यांना हातात घेऊन दाखवला. पुढच्या आठवड्यात मशीन सुरू झालं. त्या दिवशीही आम्ही गेलो होतो. भाऊ दुपारभर मिस्त्रीबरोबर होते, मग शेतात उतरले, मग शेजारच्या काकांचं शेत कापून दिलं. लोक हसत होते, भाऊही हसत होते. निघताना मी त्यांच्या पाया पडले तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “सांभाळून जा.”

गाडीत नवरा नुसता फुलला होता. टिटवाळा येईपर्यंत तो बोलतच होता. “बघितलंस, भाऊ कसा उजळला होता? मी सांगत होतो ना, जीव आहे त्याचा त्यात. तू बोललीस ते बरं झालं हं, मानलं तुला.”

भाऊंची शपथ होती. ती न मोडता जेवढं म्हणता येत होतं तेवढं मी म्हटलं.

“अहो, भाऊ दमलेत हो.”

“दमणारच,” नवरा म्हणाला. “दुपारपासून उभा होता ना.”